तीन महिन्यांची मुदत

तेलंगणातल्या बाजारहत्नूरच्या मुख्य रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामाचं दुकान आहे. समोर बापूजींचं. मधे रस्ता, उघडी नाली आणि दुपारी हमखास आडवी पसरलेली कुणाची तरी म्हैस. ताडपत्री, बारदाना, सुतळी, बैलांचे कासरे असा माल बापूजींकडे मिळतो. उधारी कमी, बोलणं त्याहून कमी. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की ते भांडत नाहीत, ताडपत्री गुंडाळून परत मांडणीवर ठेवतात. मग गिऱ्हाईकच खिशात हात घालतं.

मी त्याच्या उलट. माझं माहेर किनवट, आणि किनवटच्या पोरींना गप्प बसायला कुणी शिकवलेलं नाही. तरी आमचं जमलं, कारण तीन महिन्यांनी एकदा बापूजी रस्ता ओलांडून यायचे, बाकावर बसायचे आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवून म्हणायचे, "हुंडी फिरव बाई."

हुंडी म्हणजे सरकारचं ट्रेझरी बिल. सरकारला थोड्या दिवसांसाठी पैसे लागतात तेव्हा ते हा कागद काढतं. शंभराचा कागद अठ्ठ्याण्णव रुपये आणि वर काही पैशांना घ्यायचा, मुदत भरली की सरकार पुरे शंभर देतं. मधला फरक आपला. हे मला त्यांच्या भाच्याने, भूषणने समजावलं. तो आदिलाबादला बँकेत आहे. बापूजींना समजावावं लागलं नाही. जुन्या व्यापाऱ्यांच्या हुंडीचा बट्टा असाच कापला जायचा, त्यांच्या वडिलांनी तो धंदा पाहिलेला. नऊ लाखांची हुंडी होती आणि ते नऊ लाख एका माणसासाठी ठेवलेले होते.

तो माणूस अमर, त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला आदिलाबादला पाइप आणि ठिबकची एजन्सी घ्यायची होती. रस्त्याकडेचा प्लॉट विका आणि मला पैसे द्या, असं त्याचं म्हणणं. बापूजी म्हणाले थांब, यंदाचा कापूस निघू दे. पुढच्या वर्षी म्हणाले थांब, भाव चढू दे. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही, आम्हाला समोर ऐकू येईल असं तर काहीच झालं नाही. मग एका जानेवारीत अमर माल आणायला म्हणून मोटरसायकलवर आदिलाबादला गेला आणि परत आला नाही. गाडी तिथल्या बसस्टँडच्या पार्किंगमध्ये सापडली, व्यवस्थित लावलेली. चावी पार्किंगवाल्याकडे होती. घरचं कुणी येईल, त्याला द्या, असं सांगून गेला म्हणे.

मागे राहिली बायको सपना आणि मुलगी अर्पिता. अर्पिता तेव्हा बालवाडीत होती. बापूजी आणि भूषण नांदेड, नागपूर, हैदराबाद फिरले, पोलिसात फोटो दिला. कुठूनच काही आलं नाही. हळूहळू शोधणं थांबलं. कुणी ठरवून थांबवलं नाही, एक आठवडा कुणी निघालं नाही, मग पुढचाही गेला.

त्याच वर्षी बापूजींनी प्लॉट विकला, आणि तोही पडत्या भावात, घाईने. गावाला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मलाही तसंच वाटलं आणि मी ते तोंडावर बोलले. तेव्हा त्यांनी मला एकदाच कारण सांगितलं. "दोन वर्स त्याले थांब थांब म्हनलं. आता आला तं तसं म्हनाची पाळी नको."

म्हणून त्या नऊ लाखांची हुंडी. बँकेत नुसते ठेवले तर व्याज नावाला, मुदतठेव मोडली तर कटती, आणि शेअरबाजाराचं नाव काढलं की ते नाली ओलांडून परत जात. सरकारचा कागद बुडत नाही आणि तीन महिन्यांत सगळी रक्कम हातात येते. आली की आठवडाभर ती खात्यात राहू द्यायची, वाट पाहायची, आणि कुणी आलं नाही की पुढच्या लिलावात परत लावायची. ते आठ दिवस बापूजी दुकान सोडून कुठे जात नसत. जेवायलासुद्धा डबा दुकानात.

त्या घरात कुणी रडताना मी पाहिलं नाही. रडून झालं होतं की रडायचं राहूनच गेलं होतं, मला सांगता येत नाही. बापूजींच्या बायको सोजरबाई दाळ निवडत बसायच्या, निवडलेली दाळ परत निवडायच्या. टीव्ही चालू असायचा आणि त्याच्याकडे कुणी बघत नसायचं. मी कधी काही द्यायला गेले तर मलाही हळू बोलावंसं वाटे, आणि मला हळू बोलणं म्हणजे शिक्षा.

गावाने मात्र मुदती वाटून घेतल्या होत्या. ठाण्यातला जमादार म्हणाला, सात वर्षं पत्ता नाही लागला की कोर्ट माणूस मेला असं धरतं. नात्यातले नागोराव म्हणाले, शास्त्रात बारा वर्षं आहेत; बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यावा, तोवर सवाष्णीचं कुंकू पुसू नये. जो येई तो आपली मुदत सांगून चहा पिऊन जाई. चहा सपना करायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सपना आली की बायका एकमेकींकडे बघायच्या. करंडा हातात धरून थांबायच्या, कुणी आधी लावतंय का म्हणून. माझं डोकं तापायचं. मी उठून ठसठशीत लावायची. पण खरं सांगते, लावताना माझ्याही मनात यायचं, की मी या बाईला नक्की काय ठरवते आहे. विधवा म्हणून पेन्शन मिळायची नाही, कारण नवरा मेलेला नाही. नवरा आहे म्हणावं तर स्वयंपाक करताना त्याचं ताट धरायचं नाही. तिने स्वतः कधी तक्रार केली नाही. दोन वर्षांत तिने दुकानाचं बरंचसं काम उचललं होतं, ताडपत्रीचे भाव तिला तोंडपाठ होते.

गेल्या वर्षी रिझर्व्ह बँकेने व्याज कमी करायला सुरुवात केली आणि हुंडीचा भाव चढायला लागला. घेताना महाग, मुदत भरल्यावर तेच शंभर. बापूजींना एका वाक्यात कळलं. खरेदी वाढली आणि एमआरपी तीच राहिली की दुकानदाराच्या हाती काय उरतं, ते दुकानदाराला कुणी सांगायला नको. तिमाहीला साडेपंधरा हजार मिळायचे ते चौदा झाले, मग तेरा, मग बारा. हे पैसे अर्पिताच्या, जवळच्या इच्चोडा गावातल्या शाळेला आणि व्हॅनला जात. मुद्दलाला हात लावायचा नव्हता. सपनाने दिवाळीत व्हॅन बंद केली आणि पोरगी बसने जायला लागली. तिसरीतली पोर. परत येताना कधी कधी अंधार पडायचा.

मी बापूजींना म्हटलं, पोस्टात ज्येष्ठ नागरिकांची योजना आहे. तीही सरकारचीच, तुमच्या वयाला बसते. आठ टक्क्यांच्या वर व्याज, दर तिमाहीला खात्यात, पाच वर्षं तोच दर. उद्या बाहेर कितीही उतरला तरी तुमचा उतरायचा नाही. तुमच्याच धंद्यातलं सांगते, ताडपत्री तुम्ही उन्हाळ्यातच भरून ठेवता ना, भाव बरा असतो तेव्हा?

"ताडपत्री कवा लागन ते मले मालूम रायते," ते म्हणाले. "हे कवा लागन ते मालूम नाई."

मधे लागले तर मोडता येतात, थोडी कटती होते, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना कटतीची भीती नव्हती, मला ते उशिरा उमगलं. पाच वर्षं असं लिहून सही करायची, याची भीती होती. तीन महिने म्हटलं की मुलगा तीन महिन्यांत येऊ शकत होता. मला चीड आली. मी म्हटलं, येणाऱ्याला एजन्सी द्या आणि असलेलीला व्हॅन देऊ नका. मोबाइल माझ्यापुढेच होता, मी हुंडी फिरवली.

पुढची मुदत भरायच्या आधी एका रविवारी भूषण आला आणि मला बोलावणं आलं. बापूजींच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही आतच बसलो. भूषणने नीट, शांतपणे सांगितलं: मामा, दर अजून उतरतील असं वाटतंय. शंभर टक्के सुरक्षित तर दोन्ही आहेत, पण हुंडीत तुमचं दर वेळी थोडं थोडं कमी होतंय. बापूजी सुतळीच्या बंडलाचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "तो आला अन् पैसे अडकले असले तं?"

सपना मागे ताडपत्रीची घडी घालत होती. मोठी होती, बारा बाय अठराची, एकटीला आवरत नव्हती. मी उठणार तेवढ्यात ती बोलली. आवाज चढवला नाही. गिऱ्हाईकाला भाव सांगावा तसं सांगितलं.

"मामाजी, ते आले तं पैसे तयार हायेत. मी तयार नाई."

भूषण खाली बघायला लागला. सपनाने घडी पूर्ण केली, वर पाय देऊन हवा काढली, मग म्हणाली, "पाच वर्सासाठी टाका. मधात आले तं थांबू द्या त्यायले. मी थांबली नाई का?"

बापूजी तिच्याकडे बघत राहिले. अमर गेल्यापासून चार वर्षं ती त्यांच्यासमोर होती, रोज डबा आणत होती, पण वाट पाहणारा या घरात आपल्याशिवाय कुणी आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं, असं मला त्यांच्या तोंडावरून वाटलं. सोजरबाई घरून चहा घेऊन शटरपाशी आल्या होत्या, त्यांनीही ते ऐकलं. त्या घरात पहिला कप बापूजींचा असतो. तो सोजरबाईंनी सपनाला दिला आणि त्या घरी परत गेल्या.

मुदत भरली. बापूजी रस्ता ओलांडून आले, बाकावर बसले, मोबाइल काढला नाही. म्हणाले, पैसे आले, आता फिरवू नको. आठ दिवस त्यांनी नेहमीसारखे दुकानात काढले. नवव्या दिवशी बापूजी, सपना आणि मी आदिलाबादच्या बसमध्ये बसलो. तेलंगणात बायकांना बस फुकट, तिकीट एकट्या बापूजींचं. रस्ताभर ते खिडकीतून कापसाच्या पऱ्हाट्या बघत होते. वेचणी संपलेली होती आणि बघण्यासारखं शेतात काही नव्हतं.

पोस्टात गर्दी नव्हती. काउंटरवर तेलुगू मुलगी होती, तरुण, बोलायला गोड. फॉर्म मी घरून भरून आणला होता, वारसाची जागा तेवढी मोकळी ठेवली होती. बापूजींनी ती पाहिली आणि म्हणाले, "सपनाचं लिव्ह." मी लिहिलं. नातं, सून. मुलीने चेक तपासला, फॉर्म उलटून वाचला आणि सहज म्हणून तेलुगूत विचारलं, सुनेचं नाव घालताय, मुलगा नाही का?

सवयीने मीच तोंड उघडलं. बाहेरगावी असतो, हे उत्तर या घरासाठी मी कितीदा दिलं असेल. पण बापूजींना तेलुगू समजतं. मी बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं, नाही. मुलीने बरं म्हटलं आणि शिक्का मारला. सपना माझ्या मागेच उभी होती.

पासबुक मिळालं ते बापूजींनी उघडून पाहिलं नाही, तसंच तिच्या हातात दिलं. तिने ते पिशवीत ठेवलं आणि बस बघते म्हणून पुढे गेली. पायऱ्या उतरताना बापूजींनी मला विचारलं, आता तीन महिन्यांनी काय करायचं असतं. मी म्हटलं, काही नाही, व्याज आपोआप जमा होतं.

"काईच नाई?"

"काहीच नाही, बापूजी."

ते पायरीवर थांबले. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात रिकामी प्लास्टिकची पिशवी, चेक आणलेली. लोक आम्हाला वळसा घालून वर जात होते.

"मंग त्याची वाट पाहाची कशी?" त्यांनी विचारलं.

रस्त्यापलीकडे सपनाने बस थांबवून धरली होती आणि आम्हाला हात करत होती. मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही तिच्याकडे निघालो.