माझा कोरा दंड

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते — पण आधी अभिमानाचं सांगू द्या, कारण तेही खरंच आहे.

स्वातंत्र्यानंतरची ती सुरुवातीची वर्षं. वसईत आमच्या वाडीत देवी टोचणारे डॉक्टर आले, की बायका पोरांना घेऊन केळींच्या आड लपायच्या. त्यांना समजावून बाहेर आणायची ती मी. पुढचंही मीच बघायची. फोड येईल, तो पाणी धरेल, आठवड्याभरात ताप चढेल, काखेत गाठ येईल — घाबरू नका, म्हणजे लस लागली. फोड फोडू नका, खाजवू नका, शेण-हळद काही लावू नका. दंड कोरडा ठेवा, बाही सैल ठेवा, खपली आपली आपण पडू दे. घरोघर जाऊन मी दंड बघायची. आमच्या आळीत एकाही पोराचा दंड चिघळला नाही. अभिमान का नसावा?

धाकटी जाऊ वत्सला तर ताप चढल्यावर रडायलाच लागली. मी तिच्या उशाशी बसले, पेज पाजली, खपली पडेपर्यंत तिला भांड्याला हात लावू दिला नाही.

आणि माझा दंड? मीही टोचून घेतलं होतं — सगळ्यांच्या आधी, सगळ्यांसमोर. मग विहिरीवर गेले. कुणी नव्हतं. टोचलेली जागा खसाखसा धुऊन टाकली. भीती वाटली — बस, एवढंच. फोड आला नाही, वण उठला नाही. तेव्हापासून माझ्या चोळीच्या बाह्या कोपरापर्यंत.

शेजारची छोटी कमळी टोचणीच्या वेळी आजोळी होती; पुढच्या उन्हाळ्यात तिला देवी आल्या. तिची आई ओली बाळंतीण. डॉक्टर म्हणाले, जिला लस लागलीय अशा कुणीतरी कमळीजवळ राहायला हवं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा खरं सांगता आलं असतं — नाही का? मी कंबर धरली. उसण भरलीय, म्हटलं.

"राहू द्या वैनी, मी जाते," वत्सला म्हणाली. "माझा दंड तुम्हीच तर बघितलाय."

आपला लहानगा माझ्याकडे ठेवून ती गेली. कमळी बरी होईपर्यंत त्या घरातून बाहेर पडली नाही. मी अंगणाच्या कडेला भाकरी ठेवायची आणि मागे सरायची.

कमळी वाचली. वत्सलाला साधा तापही आला नाही. आळीभर सांगत सुटली, हे सगळं वैनींमुळे. बायकांनी माझं कौतुक केलं — आणि मी ते घेतलं. सगळं घेतलं.

ती न्हाऊन, धडधाकट, आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ती वाचली म्हणून — नाही, ते नंतर. आधी वाटलं ते हे, की माझं बिंग फुटलं नाही.