कॉफी घ्या, असं मी म्हणालो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तीस वर्षं सरकारची गुपितं सांभाळली, त्यातली निम्मी आता आठवतही नाहीत — पण हे सरकारचं नव्हतं. माझं होतं. आणि आज सांगतोय ते मन हलकं करावं म्हणून नव्हे. भ्यालोय म्हणून. खरंच, लई भ्यालोय.

मी माकणीचा. वडील निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, त्यामुळं उजवीकडून डावीकडं जाणारी अक्षरं मला घरातच ओळखीची झाली. परराष्ट्र सेवेत निवड झाल्यावर बाकीचे फ्रेंच नाहीतर जर्मन मागत होते, मी अरबी मागितली. सगळी नोकरी मग त्याच मुलखांत गेली. भाषेपेक्षाही मला घमेंड कशाची होती, सांगू? तिथल्या रीतींची. पेला आधी कुणाच्या हातात द्यायचा, कितव्यांदा 'पुरे' म्हणायचं, सगळं मला पाठ. वरिष्ठसुद्धा म्हणायचे, याला विचारा. इकडं गावच्या शाळेत फेटा बांधून सत्कार झाला. हसू नका.

त्यातलीच एक रीत. काही मागायला आलेला पाहुणा कॉफीचा पेला हातात घेतो, पण पीत नाही. समोर ठेवतो. यजमानानं ओळखायचं असतं. 'कॉफी घ्या, तुमचं काम झालं' असं यजमान म्हणाला, तरच तो पितो. आणि एकदा म्हटलं की शब्द गेला, मग माघार नाही.

हे तुम्हाला का सांगतोय? — थांबा, सांगतो.

आमच्या वकिलातीत घरकामाच्या बायका पळून यायच्या. मागच्या बाजूला त्यांच्यासाठी एक खोली होती. तिथं सुमन आली. आमच्याच लोहारा तालुक्यातली, माकणीपासून दोन कोसांवरच्या वाडीची. नवरा वारलेला, हैदराबादच्या एका एजंटानं कामाला पाठवलेली. मनगटावर इस्त्रीचा चटका. माझं बोलणं कानावर पडलं आणि बाई रडायलाच लागली. "अवो साहेब, तुमी तर आपल्याकडलेच की!" मग म्हणाली, "मला तिकडं परत नका धाडू. लई मारतेत वो."

मी म्हणालो, मी हाय ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मालक आला. त्या देशात ज्या घराण्याचं नाव लोक हळू आवाजात घेतात, त्यातला. वकिलातीच्या आवारातून त्याला तिला ओढून नेता येत नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं, मलाही. त्यानं आवाज चढवला नाही. बसला, पेला घेतला, टेबलावर ठेवला. आणि माझ्याकडं बघत राहिला.

खोलीत आम्ही दोघंच. मला काही कळलं नाही असं दाखवता आलं नसतं का? माझ्या जागी एखादा फ्रेंच शिकलेला बसला असता, तर त्याला खरंच काही कळलं नसतं — कॉफी गार झाली असती आणि सुमन वाचली असती. मला कळलं. याच्या एका फोनवर मला देश सोडायला लावतील. बढतीची यादी निघायची होती. एवढंच. याहून मोठं काही कारण नव्हतं.

कॉफी घ्या, असं मी म्हणालो.

नाही, अजून मुद्द्याचं सांगितलंच नाही. इथवर सांगून थांबायचं, असं मनाशी ठरवलं होतं —

ती जायला तयार नव्हती. आतून कडी लावून बसली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं ती उघडली नसती. म्हणून मी गेलो. दाराबाहेर उभा राहिलो आणि आपल्या बोलीत बोललो. सुमनबाई, त्येंनी लिहून दिलंय, आता हात लावणार न्हाईत. दोन महिन्यांत म्या सोता तुम्हाला विमानात बसवतो. कुणी काहीही लिहून दिलेलं नव्हतं. तिनं कडी काढली. चपला घातल्या. वाकून माझ्या पाया पडली — आणि मी पडू दिलं.

फायलीत मी इंग्रजीत लिहिलं, 'स्वखुशीने परत गेली.' खाली सही केली. त्यानंतर तिचा पत्ता लागला नाही. मी शोधही घेतला नाही. घेतला असता तर कळलं असतं ना?

आता मी नळदुर्गला राहतो. सुमनचा भाऊ नामदेव, इथंच हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. अरबी येणारा साहेब गावात आलाय हे ऐकून तो माझ्याकडं यायला लागला. मी तेव्हा त्याच वकिलातीत होतो, हे त्याला माहीत नाही. बहिणीचा शोध घ्या म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मी त्याला तिथल्या कामगार खात्याच्या नावानं अरबीत अर्ज लिहून देतो. सुरेख लिहितो. त्या घराण्याचं नाव मला ठाऊक आहे, अजून एकाही अर्जात मी ते घातलेलं नाही.

गेल्या सोमवारी आला तो खुशीत होता. माहितीच्या अधिकारात त्यानं बहिणीच्या फायलीची नक्कल मागितली होती, ती पोस्टानं निघालीय म्हणे. "इंग्रजीत आसंल. तुमीच वाचून दाखवा साहेब. दुसऱ्या कुनावर माझा इस्वास न्हाय."

तुम्हाला वाटेल, मी पकडला जायला भितोय. पकडणार कोण? तो पाकीट माझ्या हातात देईल, समोर खुर्चीवर बसेल आणि मी जे वाचीन ते खरं मानेल. सोमवारपासून मी मनात वाक्यं जुळवतोय — तिथं ती कशी बरी होती, जाताना भावाची आठवण कशी काढली, सही कुणाची ते कसं नीट लागत नाही.

वाक्यं अगदी झकास जुळतायत.