बशाईजा आणि बांडं वासरू

आज प्रार्थनेत बशाईजाचं नाव घेताना जीभ अडखळली. त्याच्यावर लिहायचं कधीचं टाळत होते.

किरुहुरातल्या आमच्या कळपात एकोणीस वर्षं तो गुराखी होता. कमी बोलायचा, गाईंशी मात्र दिवसभर बोलत असायचा. नव्वद गाई, साऱ्या गडद तांबड्या, अंगावर पांढरा ठिपका नाही. आमच्या ह्यांना त्या रंगाचा केवढा अभिमान! बांडं, पांढऱ्या ठिपक्यांचं वासरू झालं की विकायचं, असं सासऱ्यांपासून चालत आलेलं.

मग ह्यांच्या लाडक्या गाईला बांडं वासरू झालं. वळूही आपलाच, तांबडा. हे भडकले. शेजारच्या रुगुंडांचा काळा-पांढरा वळू बशाईजानं कुंपणातून आत येऊ दिला, असंच धरून बसले. त्यानं गाईच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. हे म्हणाले, "गाय बोलत नाही म्हणून तिची साक्ष काढतोस होय?" त्याच दिवशी त्याला काढलं. गावभर बोभाटा झाला. मग त्याला कुणी कळपावर ठेवीना.

काटेरी कुंपण तो रोज संध्याकाळी तपासायचा, कुठे फट राहू द्यायचा नाही. भोपळ्याच्या भांड्यात त्याला दूध द्यायला मीच जायची, डोळ्यांनी पाहिलेलं. तरी गप्प बसले. ह्यांच्या रागापुढे कोण बोलणार, म्हटलं.

तीन वर्षांनी गुरांची डॉक्टरीण तुमुसीमे आली, तेव्हा ह्यांनी तिला त्या वासराची गोष्ट सांगितली. तिनं सांगितलं, वासराला रंगाचा एक वाटा आईकडून मिळतो, एक बापाकडून. एकरंगी वाटा सोबत असला की बांडा झाकून राहतो. आईबाप दोघांत तो लपलेला असेल, तर चारांत एखादं वासरू बांडं निघायचंच. पिढ्यान्‌पिढ्या विकूनही तो जात नाही. "आणि काका, काळ्या वळूचं असतं तर ते काळं-पांढरं निघालं असतं. तुमचं तर तांबडं-पांढरं होतं."

एवढं तर आम्हालाही दिसत होतं.

दुसऱ्याच दिवशी हे एक गाभण कालवड घेऊन त्याच्याकडे गेले, मीही गेले. तो विटा वाहत होता. सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "डॉक्टरीणबाईंवर विश्वास बसला, बरं झालं मालक. एका दिवसात बसला."

कालवड त्यानं घेतली नाही. तिच्या कानामागची गोचीड मात्र काढून टाकली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बाईसाहेब, तुम्ही तर कुंपण पाहिलं होतं ना?"

ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी हो म्हटलं. प्रभूनं क्षमा केली तरी त्या 'हो'ला तीन वर्षं उशीर झाला.