सिंगापुरात भाव न करता घेतलेली छत्री

सिंगापूरच्या दुकानदारानं मला फसवलं, असं आमची सगळी महाल वस्ती म्हणते. ते खोटं आहे. मला फसवलं माझ्या बापानं, तेही नागपुरात, घरच्या उंबरठ्यावर.

महालात माझं शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बाबा सायकलवर कापडाचे गठ्ठे लादून आठवडी बाजार करायचे. भाव पाडायला मी त्यांच्या शेजारी बसूनच शिकलो. दुकान मात्र एकट्यानं उभं केलं. त्याला बाबांनी अजून ‘बरं आहे’ म्हटलेलं नाही.

व्यापाऱ्यांच्या सिंगापूर सहलीत माझं नाव लागलं, तेव्हा बाबांना विचारलं, “तुमच्यासाठी काय आणू?”

“मले काही नको.”

“तरी?”

“आणशीलच त भाव करू नको. रामटेकचं ध्यानात ठेव.”

रामटेकला गडाच्या पायथ्याशी मी नारळाचा भाव पाडला होता. बाबा तिथंच पायरीवर बसले, वर आलेच नाहीत. “देवाची न् बापाची वस्तू भाव करून घेत नसतात गा,” एवढंच म्हणाले.

मद्रासहून बोट सुटली आणि मला बोट लागली. समुद्र पाहायला गेलेला माणूस बादली पाहत बसला. वाटेत पिनांग बंदरात उतरलो तर जमीनसुद्धा हलत होती.

सिंगापूर पहिल्यांदा दिसलं ते नदीच्या काठावरून. रुंद होड्यांमधून पोती उतरत होती, उघड्या अंगाचे हमाल अरुंद फळीवरून पळत होते. सकाळी ‘नासी लेमाक’ (नारळाच्या दुधात शिजवलेला भात) खाल्ला. सोबत ‘सांबल’ (मिरचीची लाल चटणी) होती. हॉटेलवाल्यानं खुणेनं सांगितलं, जपून. भिवापुरी मिरचीवर वाढलेला मी, मला ती गोड लागली. वाटी पुढं केली, तेव्हा तो आपल्या बायकोला बोलावून आणून माझ्याकडे बोट दाखवू लागला.

दुपारी बाजार. सरकारनं दिलेले मोजकेच डॉलर खिशात, त्यामुळं जिभेला धार होती. बायकोसाठी नायलॉनच्या साड्या, जावयासाठी टेरिलीन. दोनदा दुकानातून उठून गेलो, दोनदा परत बोलावणं आलं. शेवटी तमिळ दुकानदार मोडक्या हिंदीत हात जोडून म्हणाला, “भाई, कल दूसरी गली जाओ. मेहरबानी.” असं सर्टिफिकेट मला नागपुरातही मिळालेलं नाही.

बाबांचं काय घ्यावं, हे मात्र कळेना. घड्याळ घ्यावं तर ते उन्हाकडे बघून वेळ सांगतात. थर्मास घ्यावा तर म्हणतील, कालचा चहा पाजतो का? शेवटी एका मोठ्या थंडगार दुकानात छत्री दिसली. बटण दाबलं की आपोआप उघडणारी. नागपूरच्या उन्हात बाबा डोक्यावर दुपट्टा टाकून हिंडतात, ते आठवलं. काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठीवरच्या भावावर बोट ठेवलं. जीभ वळवळली. मी ती दाताखाली धरली आणि सांगितला तेवढा भाव दिला. जन्मात पहिल्यांदा.

नागपूर स्टेशनवर उतरलो, रिक्षानं घरी आलो. बाबा उंबरठ्यावरच बसले होते. पाणी नाही, प्रवासाची चौकशी नाही. छत्री हातात घेतली आणि विचारलं, “केवढ्याले?”

मी सांगितलं.

“म्हणला तेवढाच देला?”

“तुम्हीच त म्हणलं होतं, बाबा!”

“म्हणलं होतं त. तुले अक्कल नाही का गा?”

त्यांनी बटण दाबलं. फाडकन छत्री उघडली, शेजारचा पाण्याचा गडवा लवंडला. बाबांनी ती मिटली, परत उघडली आणि तशीच उघडी घेऊन पानठेल्यावर गेले. ऊन कलून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारचा दुकानदार हसत आला. “काय शेठ, सिंगापुरात टोपी घातली म्हणते तुम्हाले?” त्यानं सांगितलेला भाव मी दिला होता त्याच्या दुप्पट होता. ज्याच्या जिभेवर दुकान चालतं, त्याची ही अब्रू!

तडक पानठेल्यावर गेलो. बाबा छत्रीखाली बसून चार जणांना सांगत होते, “पोट्टं फसलं न् माह्यं. तिकडची बाई बोलली, यानं पैसे काढून देले. बापासाठी आहे म्हणे.” आता भाव तिप्पट झाला होता.

“बाबा, इतके नव्हते देले!”

“तू चूप. छत्री माही आहे.”

“मग आणा इकडे, दुकानात ठेवतो.”

“हात लावून पाय!”

चौघं हसले. बाबा हसले नाहीत.

परदेशातला अनोळखी माणूस काय मागतो, ते मला खुणेनं कळत होतं. इथं शब्दन् शब्द कळतो आणि काही उमगत नाही. भाव करू नको म्हणणारेही तेच, केला नाही म्हणून हसं करणारेही तेच. मूर्ख ठरलो असेन तर ती छत्री सावलीतसुद्धा उघडी धरून काहून हिंडता? नसेन ठरलो तर पानठेल्यावर, त्याच चौघांसमोर तसं सांगा. आणि रोज भाव वाढवून काहून सांगता? बाबा, याचं उत्तर मला पाहिजे. तुमच्याच तोंडून पाहिजे.