गोडं पाणी

नानांच्या माशांच्या टाकीतल्या पाण्याला सगळे समुद्राचं पाणी म्हणायचे, पण त्या पाण्याने समुद्राचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. ते नाना स्वयंपाकघरात बनवत. गाळून शुद्ध केलेलं पाणी, त्यात तोलून घातलेलं मीठ, आणि वर टाकीतल्या जिवंत पोवळ्यांसाठी चुन्याचं औषध. माणूस जन्मभर एका कारखान्यात बॉयलरवर होता. पाण्यात काय विरघळलंय याची काळजी करायची सवयच लागलेली. फरक इतकाच की बॉयलरला चुना चालत नाही आणि पोवळ्यांची त्याच्याशिवाय हाडं धरत नाहीत. "लोक चुना लावतात, मी पाजतो," असं ते पाहुण्यांना सांगत आणि पाहुण्यांच्या आधी स्वतःच हसत.

बायको होती तोवर टाकीला सवत म्हणायची. टाकीत एक केशरी मासा होता, दिवसभर कोपऱ्यात बसून खायच्या वेळेला तेवढा पुढे यायचा. त्याला तिने जावईबापू नाव ठेवलं होतं. खरा जावई त्या घरात कधी आला नाही. बायको गेली आणि मग घरात नाना, त्यांची मुलगी आणि जावईबापू एवढेच उरले.

टाकीचा एक नियम मात्र घरात सगळ्यांना पाठ होता. उडतं ते गोडं, उरतं ते खारं. पाणी हवेत उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून कमी झालेली टाकी भरायची ती बिनमिठाच्या, गोड्या पाण्याने. मुलगी पाच-सहा वर्षांची असताना नानांनी तिला म्हटलं होतं, "जा, टाकीत गोडं पाणी घाल." तिने इमानेइतबारे तांब्याभर पाण्यात साखरेचा डबा रिकामा केला आणि ढवळत बसली. आई लाटणं घेऊन धावली. नाना मध्ये पडले, म्हणाले, "अगं, लहान आहे ती, रागवू नकोस." तो तांब्या टाकीपर्यंत पोचला नाही, पण गोष्ट गावभर पोचली. पुढे जो कोणी टाकी बघायला येई त्याला नाना ती ऐकवत, आणि मुलगी लाजून आत पळे. चाळिशी आली तरी पळे.

आता ती एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. सकाळी जायची, संध्याकाळी यायची, दिवसभर नाना घरी एकटे. अलीकडे त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडू लागला होता. एकदा ते चप्पल घालून जिन्यात उभे होते, कुठे निघालो ते आठवत नव्हतं. तिने हसण्यावारी नेलं. वय झालं, एवढं चालायचंच.

मग वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तिला जिन्यात थांबवलं. "राग मानू नकोस, पण काल तुमच्याकडून गॅसचा वास आला. मी बेल वाजवली तर नाना म्हणाले, चहा ठेवलाय. पातेलंच नव्हतं गं शेगडीवर. त्यांना एकटं ठेवू नकोस."

तिला राग आलाच. "वहिनी, आत येऊन टाकी बघा. जरा मीठ चुकलं तर तिथे मुडदे पडतात. इतकी वर्षं तेच करताहेत. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला जमेल का हे?"

वहिनींनी टाकी पाहिली. पाणी काचेसारखं होतं. त्या मान हलवून वर निघून गेल्या, आणि मुलीच्या जिवात जीव आला. त्या दिवसापासून ती रोज घरात पाऊल टाकल्याबरोबर आधी टाकी बघायची, मग नानांकडे. पाणी शाबूत तर नाना शाबूत, असा तिने मनाशी हिशेब मांडला होता. दुसरा काही मांडायची तिची हिंमत नव्हती.

तरी कुठेतरी पाणी मुरत होतं. घरातली साखर संपायला लागली. नाना चहा जास्त पीत असतील, असं म्हणून तिने जास्तीची आणली. मग टाकीखालच्या कपाटाशी मुंग्यांची रांग दिसली. तिने ती फडक्याने पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. मिठाच्या पाण्याशी मुंग्यांचं काय काम, एवढं तिच्या मनात आलं आणि तिने ते तिथेच दाबलं. माणूस घाबरला की फडकं हातात घेतो, विचार करत नाही.

एका सकाळी ती उठली तर टाकी पांढरी झाली होती. दूध सांडल्यासारखं पाणी. पोवळी आक्रसून दगडाला चिकटली होती आणि जावईबापू वर येऊन तोंड उघडत होता, मिटत होता. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

नाना टाकीपुढे स्टुलावर बसून पाणी तपासायला काचेच्या नळीत थेंब टाकत होते. हात जराही कापत नव्हता. निळं पाणी गुलाबी झालं. त्यांनी नळी उजेडात धरली.

"क्षार बरोबर आहेत," ते म्हणाले. "चुना बरोबर. मीठही बरोबर. मग हे गुदमरतात कशाने?"

त्यांच्याकडच्या बाटल्यांनी सगळं मोजता येत होतं, फक्त जे पडलं होतं ते सोडून. तिने खाली वाकून भरायच्या पाण्याचा कॅन ओढला. तो हाताला चिकटला. बुडाशी न विरघळलेली साखर बसली होती आणि काठावर मुंग्या मेलेल्या होत्या. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. न लावताही कळलं होतं.

"नाना," ती म्हणाली, "यात काय घातलंत तुम्ही?"

"गोडं पाणी. खारं घालतात का कधी?"

"गोडं म्हणजे गोड नव्हे, नाना. गोडं म्हणजे नुसतं. तुम्हीच सांगायचात ना सगळ्यांना?"

नानांनी कॅनकडे पाहिलं, मग तिच्या चिकट बोटाकडे. त्यांना काहीतरी समजलं. चेहरा एकदम मऊ झाला. जुनी गोष्ट सांगताना व्हायचा तसाच. ते उठले आणि तिच्या व स्वयंपाकघराच्या दाराच्या मध्ये जाऊन उभे राहिले, हात आडवा धरून.

"अगं, लहान आहे ती," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तिला काय कळतं? तू रागवू नकोस पोरीला."

दाराआड कोणीच नव्हतं. मुलीने त्यांच्या आडव्या हाताकडे पाहिलं. आईच्या आवाजात काय बोलायचं ते तिला सुचेना, म्हणून ती आपल्याच आवाजात बोलली.

"नाही रागवत."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा कुठे नानांनी हात खाली घेतला. मागे टाकीत जावईबापू आडवा झाला होता. तिने त्यांना टाकीकडे पाठ करून खुर्चीवर बसवलं, आत जाऊन शेगडीखालच्या सिलिंडरचा गॅस बंद केला, आणि दवाखान्यात फोन लावून सांगितलं, की आजपासून मला कामावर येता येणार नाही.