प्रसादाला नको म्हणून निघाले तेव्हा

मी देव मानते, हे आधीच सांगून टाकते. कारण काही वर्षांपूर्वी मला सीलिॲक हा आजार निघाला, डॉक्टरांनी गहू, रवा, मैदा कायमचा बंद केला, आणि तेव्हापासून घरोघरी माझ्या श्रद्धेची चौकशी सुरू झाली आहे. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो. मी हात पुढे करत नाही. "देवाचाच आहे, चिमूटभराने काय होतंय?" असं लोक विचारतात. काय होतं ते मी एकदा भोगलं आहे. पोटात पिळवटून टाकणाऱ्या कळा, सलाईन, आठवडाभर अंथरूण. पण हे ऐकून घ्यायला कुणाला सवड आहे? देवालाही मी मनातल्या मनात पुष्कळ बोलले होते. गहूही तूच केलास आणि माझं आतडंही तूच. तुमचं दोघांचं पटत नाही, त्यात शिक्षा मला का?

आमचं नागपूरचं बिऱ्हाड हललं ते ह्यांना जयगडच्या बंदरात नोकरी मिळाली म्हणून. राहायचं रत्नागिरीत. सामान ट्रकने पुढे आणि आम्ही गाडीने मागून, असा दोन दिवसांचा प्रवास. सोबत माझ्या मोठ्या नणंदबाई, नवं घर लावून द्यायला. वाटेतल्या हॉटेलांत माझा निभाव लागत नाही. साधा डाळभातसुद्धा चालत नाही, कारण बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. हे सांगितलं की वेटर माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघतो. म्हणून मी ज्वारीच्या दशम्या, राजगिऱ्याचे लाडू आणि दाण्याची चटणी असा मोठा डबा भरून दाराशी ठेवला होता. निघण्याआधी वन्संनी पूजा घातली. आम्ही आरतीत असताना हमालांनी दाराशी होतं नव्हतं ते सगळं ट्रकात चढवलं आणि ट्रक सुटलाही. मग प्रसाद आला. मी हात जोडून नको म्हटलं. वन्संचा चेहरा पडला. माझा डबा ट्रकाबरोबर गेल्याचं कळलं ते वर्धा मागे पडल्यावर, भूक लागली तेव्हा. ट्रकवाला फोन उचलेना.

"प्रसाद नाकारलास ना, बघ," वन्सं मागच्या सीटवरून म्हणाल्या. "अजून वेळ गेली नाही. मी शिरा सोबत घेतलाय. एक घास खा, देवाची क्षमा माग."

मी केळी खाल्ली. रात्री सोलापूरला दूध आणि दाणे. दुसऱ्या दिवशी आंबा घाट उतरताना मात्र हातापायातलं त्राण गेलं. वन्संनी डबा उघडला आणि तुपाचा, केळ्याचा, वेलदोड्याचा वास गाडीभर पसरला. "खा ना एक घास, कशाला वाद," हेही स्टिअरिंगवरून म्हणाले. ते म्हणाले त्याचंच मला जास्त लागलं. माझा हात डब्याकडे गेला होता, खोटं कशाला सांगू? पण मग असा राग आला की मी तो डबा बंद करून वन्संच्या मांडीवर ठेवला. देवाला मी आजारी पडायला हवी असेन, तर तो देव मला नको, असं मोठ्यांदा म्हणाले.

साखरप्याजवळ वन्संनी रस्त्याकडेच्या ग्रामदेवतेच्या देवळाशी गाडी थांबवायला लावली. नवीन मुलखात शिरताना नारळ ठेवून गाऱ्हाणं घालू, म्हणाल्या. इकडे गुरव देवापुढे आपलं मागणं मोठ्याने मांडतो आणि हजर असतील त्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा असतो. म्हातारे गुरव नुकताच नैवेद्य दाखवून बसले होते.

"गाऱ्हाना काय घालायचा?" त्यांनी विचारलं.

"हिने प्रसाद नाकारलाय. माफी मागायची आहे," वन्सं म्हणाल्या.

"माफी नको," मी म्हटलं. "मी चूक केलेली नाही. मला गहू सोसत नाही आणि मी कालपासून उपाशी आहे, एवढंच त्याला सांगा."

गुरवांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. "बरा. सांगतू," म्हणाले आणि नारळ हातात घेऊन उभे राहिले.

"रं म्हाराजा! ही तुजी लेकरा संसार घेवन तुज्या मुलखात आली हायत!"

"व्हय म्हाराजा!" गुरवांची बायको म्हणाली. मग ह्यांनीही म्हटलं.

"हिला जा सोसत न्हाय, ता हिला कुनी खायाला लावू नये, आशी बुद्धी दे रं म्हाराजा!"

मी डोळे मिटून घेतले. गुरवांच्या बायकोने आणि ह्यांनी होकार भरला. मग माझ्या शेजारून, खालच्या आवाजात, पण स्पष्ट ऐकू आलं, "व्हय म्हाराजा." त्या वन्सं होत्या.

"आनि हिचा प्वाट तूच भर रं म्हाराजा!"

ह्या वेळी वन्संचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

गुरवांच्या बायकोने मला मंडपात बसवलं आणि देवापुढचं पान माझ्यासमोर ठेवलं. भात, ओलं खोबरं, गूळ. हिंग नाही, पीठ नाही. त्या देवळात रोज हाच नैवेद्य असतो, म्हणाली. ह्याला चमत्कार म्हणा, नाहीतर कोकणातला साधा रिवाज म्हणा, मी वाद घालणार नाही. शरण जायचं म्हणजे मुकाट्याने गिळायचं, असंच मला आजवर शिकवलं होतं. मी तर सगळा राग घेऊन गेले होते आणि तो तसाच देवापुढे टाकला. त्याने मला जेवू घातलं. मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

पहिल्याच घासाला मला रडू फुटलं. भराभर जेवत होते आणि रडत होते. वन्सं शेजारी येऊन टेकल्या, पानात आणखी भात वाढला आणि म्हणाल्या, "सावकाश जेव गं. घर कुठे पळून जातंय?"