वहिनींच्या गाण्यातल्या त्या चार ओळी

भूत-आत्मा असा विषय निघाला की मी चहाच्या निमित्तानं उठून जाणारा माणूस. बिडकीनजवळच्या एका कंपनीत क्वालिटी बघतो... मोजून दाखवा, मग बोलू, असा माझा स्वभाव. तरी हे लिहितोय, कारण हे माझ्यासमोर घडलं.

माझ्या वहिनी मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. नात्यात कुणाचीही हळद असो, पहिलं गाणं त्यांचंच. दोन वर्षांपूर्वी थायरॉईडचं ऑपरेशन झालं आणि वरचे सूर गेले. तेव्हापासून त्या चारचौघांत गायल्याच नाहीत. यंदा त्यांच्या लेकीचं, सायलीचं लग्न ठरलं. तिचा हट्ट – हळदीला आईचंच गाणं हवं. मीच सुचवलं, घरी रेकॉर्ड करू, स्पीकरवर लावू.

रविवारची दुपार. गारखेड्यातल्या आमच्या घरातली आतली खोली. पंखा बंद, खिडकीवर गोधडी. हातात मावेल एवढा रेकॉर्डर स्टुलावर ठेवला. मी गिटार घेतली, वहिनी समोर सतरंजीवर. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्यात सूर वर चढतो... तिथं त्या थांबल्या. ओठ घट्ट मिटलेले. मी गडबडलो, एक कॉर्ड चुकला, पण हात थांबवला नाही. चार ओळी नुसती गिटार. शेवटच्या ओळीला त्या परत आल्या.

“नाय जमत, भाऊजी. पुसून टाका.”

पुसण्याआधी सहज हेडफोन लावले आणि अंगावर काटाच आला. त्या चार ओळी कुणीतरी गायल्या होत्या! आवाज वहिनींचाच – ऑपरेशनच्या आधीचा, भरदार. माझा चुकलेला कॉर्डही तिथंच होता, आणि त्याच्यावरून तो सूर अलगद वर गेलेला.

मी हेडफोन त्यांना दिले. त्यांनी दोनदा ऐकलं. घाबरल्या नाहीत. “लई गोड गाती,” एवढंच म्हणाल्या, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं.

रेकॉर्डिंगआधी मेमरी कार्ड कोरं होतं, जुनं गाणं मिसळायचा प्रश्नच नव्हता. ओळखीच्या साउंडवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, रेकॉर्डिंग सलग आहे, कुठंच जोड नाही.

सायली तर ते ऐकून नाचायलाच लागली. “आई, हेच लावू!”

“जे मी गायलंच नाय, ते माझं म्हणून कसं लावू?” वहिनी माझ्याकडं वळल्या. “भाऊजी, पट्टी खाली घ्या. मी समोर बसून गाईन.”

हळदीच्या सकाळी सगळ्या पाहुण्यांसमोर त्या गायल्या. आवाज दोनदा फाटला. दुसऱ्यांदा फाटला तेव्हा सायलीनं हळदीच्या हातानं त्यांचा हात धरला. त्या हसल्या, दम घेतला आणि ओळ पुरी केली. मला गिटारच्या तारा धूसर दिसत होत्या. एवढी हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

फाईल अजून माझ्याकडं आहे. तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. वहिनींना एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “आला व्हता, गेला.” आणि मेथी निवडायला बसल्या.